मराठवाड्यातून यॉट-शर्यतीचा स्किपर घडू शकतो का?

आपण जिंतूर तालुक्यातून विचारले आहे की, आपली मुलगी नववीत आहे, येलदरी जलाशयाजवळच्या गावात वाढली आहे, चांगली पोहते, आणि नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केल्याची बातमी वाचल्यापासून शिडाच्या बोटींच्या शर्यतीत स्किपर, म्हणजे बोटीची प्रमुख, व्हायचे तिने मनावर घेतले आहे. हा खरोखरचा व्यवसाय आहे का, त्यावर पोट भरते का, समुद्र न पाहिलेल्या मुलीने सुरुवात कोठून करावी आणि त्यात जिवाला धोका किती, असे आपले मुख्य चार प्रश्न आहेत. मी स्वतः पैठण परिसरातला. सैन्याच्या अभियंता दलात असताना शीड हाताळायला शिकलो, पुढे लांब पल्ल्याच्या शर्यतींत आधी खलाशी आणि नंतर स्किपर म्हणून काम केले आणि आता तरुण मुलामुलींना शिकवतो. आपल्या प्रश्नांची उत्तरे त्या अनुभवातून देतो. क्रम मात्र मला योग्य वाटतो तसा ठेवतो.

हा खरा व्यवसाय आहे, परंतु जगात त्यावर पूर्णवेळ उपजीविका करणारी माणसे थोडी आहेत आणि भारतात तर फारच थोडी. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणाप्रमाणे यात एका दाराने आत जाऊन दुसऱ्या दाराने पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. संस्था शीड हाताळायला, शर्यतीचे नियम वाचायला आणि नकाशावर मार्ग आखायला शिकवतात. एखादा बोटमालक, प्रायोजक किंवा सैन्यदल आपली महागडी बोट आणि तिच्यावरच्या माणसांचे जीव ज्याच्या हाती निश्चिंतपणे सोपवते, तो स्किपर होतो. म्हणून ‘कोणता कोर्स करावा’ हा प्रश्न आपण थोडा बाजूला ठेवावा आणि ‘हा विश्वास कसा कमावला जातो’ याचा विचार आधी करावा, असे मी सुचवेन.

त्यासाठी स्किपरचे काम नेमके काय असते ते समजून घेणे आवश्यक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जो सुकाणू धरतो तो स्किपर. मोठ्या बोटीवर तसे असतेच असे नाही. चाळीस-पन्नास फुटी शर्यतीच्या बोटीवर आठ-दहा माणसे असतात. अगदी पुढे शिडे चढवणारा-उतरवणारा बोमन, मध्यावर दोरांचा गुंता होऊ न देणारा पिटमन, शिडांचा ताण क्षणोक्षणी कमीजास्त करणारे ट्रिमर, वाऱ्याचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब ठेवणारा टॅक्टिशियन, मार्ग आखणारा नेव्हिगेटर आणि सुकाणूवर बसणारा हेल्म्समन, अशी कामांची वाटणी असते. स्किपर यांपैकी एखादे काम स्वतः करतो, पण या सर्वांच्या कामाचा परिणाम त्याच्या नावावर लिहिला जातो. खुल्या समुद्रातील शर्यतींसाठी जागतिक संघटनेने जे विशेष सुरक्षा-नियम केले आहेत, त्यांत बोटीच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्रमुख व्यक्तीवर, आणि केवळ तिच्यावरच, टाकलेली आहे. आयोजक, हवामान खाते किंवा बोट बांधणारा यांच्याकडे बोट दाखवून स्किपरला त्यातून सुटता येत नाही.

ही जबाबदारी प्रत्यक्षात कशी दिसते, याचे एक उदाहरण देतो. संध्याकाळ झाली आहे, वारा मागून साधारण अठरा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने वाहतो आहे आणि बोट स्पिनेकर या मोठ्या फुगीर शिडावर जोरात पळते आहे. प्रतिस्पर्धी बोट दोन मैल पुढे आहे. हवामानाच्या संगणकीय अंदाजांची नवी आवृत्ती साधारणपणे दर सहा तासांनी येते आणि ताज्या आवृत्तीत रात्रभर हाच वारा राहील असे दिसते. पश्चिमेला मात्र ढगांची एक काळी पट्टी उभी राहू लागली आहे. असे स्थानिक ढग अंदाजाच्या जाळीतून निसटतात, हे स्किपरला माहीत असते. दोन खलाशी समुद्र लागल्यामुळे आडवे आहेत. स्पिनेकर आत्ता, उजेडात उतरवला तर काम काही मिनिटांचे आहे, परंतु रात्रभर वेग कमी राहील आणि पुढची बोट हातची जाईल. तो ठेवला आणि मध्यरात्री त्या ढगाखालून तीस-पस्तीस नॉटचा झोत आला, तर तेच शीड अंधारात, ओल्या आणि कललेल्या डेकवर, थकलेल्या माणसांच्या हातून उतरवावे लागेल. त्यात शीड फाटेल, बूम ही शिडाच्या तळाची आडवी काठी झटक्याने फिरेल किंवा माणूस पाण्यात जाईल, यांपैकी काहीही घडू शकते.

या प्रसंगाला पुस्तकी उत्तर नाही. ढग विरला तर ‘उगाच शीड उतरवले’ अशी कुरकुर होणार आणि ढग फुटला तर ‘बरे झाले उतरवले’ असे म्हणण्याइतकी कोणाला उसंत नसणार. तरीही निर्णय वेळेवर घ्यावा लागतो, तो मोजक्या शब्दांत सांगावा लागतो आणि सांगितल्यानंतर चेहऱ्यावर संभ्रम दिसू द्यायचा नसतो. मी ज्यांना उत्तम स्किपर मानतो, त्या सर्वांमध्ये हा एक गुण मला समान दिसला आहे: अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचे धैर्य आणि नवी माहिती येताच तोच निर्णय मोकळेपणाने बदलण्याची तयारी. पहिला गुण असून दुसरा नसलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या बोटीवर काम करायला मी कोणालाही पाठवणार नाही.

एकट्याने करायच्या शर्यतींत याच कामाचे स्वरूप आणखी कठीण होते. झोप वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावी लागते आणि इंजिन, विद्युत-यंत्रणा, पाणी गोड करण्याचे यंत्र, फाटलेले शीड आणि स्वतःच्या जखमा या सर्वांची दुरुस्ती एकाच माणसाला करावी लागते. फ्रान्समधील ले साब्ल दोलोन येथून 1989 पासून होणारी ‘वांदे ग्लोब’ ही शर्यत एकट्याने, न थांबता आणि बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची आहे. तेथील 60 फुटी बोटींवर संगणक आणि उपग्रह-संपर्क असतो. ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत त्याच्या अगदी उलट आहे. तीत जुन्या बनावटीच्या लहान बोटी घ्याव्या लागतात, उपग्रहाच्या साहाय्याने दिशा शोधता येत नाही आणि सेक्स्टंट या कोनमापकाने सूर्य-तारे पाहून आपली जागा ठरवावी लागते. कमांडर अभिलाष टॉमी यांचे नाव आपण ऐकले असेल. ते याच शर्यतीत उतरले होते आणि धोक्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याच प्रवासात दिसते.

2012-13 मध्ये एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे टॉमी हे पहिले भारतीय. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, सप्टेंबर महिन्यात, दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांची ‘थुरिया’ ही बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर ते हलता न येणाऱ्या अवस्थेत पडून होते. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन तात्पुरती काठी उभारून त्यांच्या दिशेने निघाला होता, आणि शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमींना उचलले. पुढे 2022 मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसरे आले. त्या वर्षी निघालेल्या 16 जणांपैकी शर्यत नियमाप्रमाणे पूर्ण करणारे तिघेच होते. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जिंकणारी ती पहिली महिला. वाटेत फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची बोट बुडाली, तेव्हा ती आपला मार्ग सोडून त्यांना वाचवायला गेली होती.

तिने दाखवलेला चांगुलपणा मोठा आहेच, पण मदतीचे हे कर्तव्य आमच्या नियमपुस्तिकेतही लिहिलेले आहे. शर्यतीच्या नियमांतला अगदी पहिला नियम असा की, संकटातील माणसाला किंवा बोटीला शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे. गेलेल्या वेळाची भरपाई नंतर पंच करतात. आपल्या मुलीला हा नियम पहिल्या दिवशी शिकवला जाईल. धोका आहे, तो लपवून मी आपली दिशाभूल करणार नाही. मात्र तो सर्व ठिकाणी सारखा नाही. दक्षिण महासागरातील एकट्याची शर्यत आणि तलावावर, पंचांच्या व सुरक्षा-बोटींच्या नजरेखाली, लाइफ जॅकेट घालून होणारी मुलांची शर्यत यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर पायरीपायरीने कापले जाते आणि प्रत्येक पायरीवर थांबण्याची मोकळीक असते. किनाऱ्याजवळच्या शर्यतींवर संपूर्ण कारकीर्द करणारे उत्तम स्किपर आहेत.

आता समुद्र नसण्याचा प्रश्न. मराठवाड्यात समुद्र नाही म्हणून हे क्षेत्र आपले नाही, ही समजूत मला मान्य नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 या लहान शिडाच्या बोटीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली मुलगी. ती भोपाळच्या बड्या तलावावरील राष्ट्रीय नौकानयन शाळेत शिकली. मध्य प्रदेशाला समुद्राचा एक फूटही किनारा नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रसुद्धा शीड हाताळायला शिकतात ते खडकवासल्याच्या जलाशयावर.

जमिनीने वेढलेल्या पाण्यावर वारा सरळ येत नाही. तो टेकड्यांवरून, झाडीवरून आणि तापलेल्या शेतांवरून तुटत-वळत येतो, दर काही मिनिटांनी दिशा बदलतो आणि एकाच जलाशयाच्या दोन बाजूंना दोन स्वभावांचा असतो. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण चाळीस-पंचेचाळीस अंश तिरकी ठेवून, नागमोडी वळणे घेत तिला वर चढावे लागते. अशा वेळी वाऱ्याची दिशा दहा अंशांनी बदलली, तर ते आधी ओळखणाऱ्याचा रस्ता बराच कमी होतो. पाण्यावरून सरकत येणारा गडद पट्टा म्हणजे वाऱ्याचा झोत आणि त्यामागचा चकचकीत तुकडा म्हणजे निर्वात जागा, हे वाचायला तलावावर वाढलेली मुले लवकर शिकतात. लाटा, भरती-ओहोटी आणि खारे-मतलई वारे त्यांना नंतर समुद्रावर जाऊन शिकावे लागतात. ते शिकता येते. वाऱ्याकडे पाहण्याची लहानपणीची सवय मात्र मोठेपणी लावणे फार अवघड जाते.

मराठवाड्याची खरी अडचण वेगळी आहे आणि ती स्पष्ट सांगणे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे जूनपासून ऑगस्टपर्यंत नैर्ऋत्येचा वारा दमदार आणि सलग असतो, पण त्या काळात जलाशय बहुधा तळाला गेलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नाथसागर, येलदरी, माजलगाव भरतात, तेव्हा वारा मंदावलेला असतो. हिवाळ्याच्या सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असते आणि उन्हाळ्याच्या दुपारी वळीव येतो तो शिकाऊ मुलांना पाण्यावर ठेवण्यासारखा नसतो. शिवाय सलग दोन वर्षे पाऊस कमी पडला तर पाण्याचा काठच एक-दोन किलोमीटर आत सरकतो, मग बोट उतरवायची कोठून? नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे कोणतीही जलक्रीडा वन विभागाच्या परवानगीचा आणि पक्ष्यांच्या हिताचा विचार करूनच करावी लागेल आणि तसे असणे मला योग्यच वाटते. तरीही पैठणच्या किंवा येलदरीच्या पाण्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दहा-बारा लहान बोटी आणि दोन प्रशिक्षक राहिले, तर दहा वर्षांत मराठवाड्यातून राष्ट्रीय पातळीची मुले निघतील, असे मी गेली अनेक वर्षे भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत आलो आहे आणि पुढेही सांगत राहीन.

तोपर्यंत आपल्या मुलीला बाहेर जावे लागेल. परभणीवरून जाणारी देवगिरी एक्सप्रेस पाहा. तिच्या एका टोकाला मुंबईचे बंदर आहे आणि दुसऱ्या टोकाला हैदराबाद-सिकंदराबादचा हुसेनसागर. लहान मुलांच्या शिक्षणासाठी मी हैदराबादकडे अधिक झुकतो. तेथील यॉट क्लबने सामान्य आणि गरीब घरांतील मुलामुलींनाही बोटीत बसवले आहे, तेथे जुलैमध्ये मान्सून रेगाटा ही शर्यत होते आणि पाणी बंदिस्त असल्याने पालकांच्या जिवाला घोर कमी. आठ-पंधरा वर्षांची मुले ‘ऑप्टिमिस्ट’ या सुमारे 2.3 मीटर लांबीच्या चौकोनी दिसणाऱ्या बोटीत शिकतात. आपली मुलगी चौदा वर्षांची आहे, म्हणजे ऑप्टिमिस्टचे वय संपत आले. तिने थेट आयएलसीए-4 वर जावे. ही एकट्याने चालवायची बोट आहे. तिचा हल, म्हणजे मूळ सांगाडा, तोच ठेवून शीड मोठे करत आयएलसीए-6 आणि पुरुषांसाठी आयएलसीए-7 हे ऑलिम्पिक प्रकार येतात. नेत्रा कुमानन ही चेन्नईची खेळाडू याच मार्गाने टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकला पोहोचली. ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला शीडनौकापटू होती. चौदा हे वय उशिराचे आहे, पण फार उशिराचे नाही. ऑलिम्पिकचे स्वप्न पाहणाऱ्यासाठी अवघड, लांब पल्ल्याच्या स्किपरसाठी मात्र पुरेसे लवकर. तिने स्किपर होण्याचे ठरवले आहे, पदकाचे नव्हे, म्हणून मला तिच्याबद्दल आशा वाटते.

यानंतरची पायरी सेनादलाची आणि भारतीय मुलीसाठी ती आजही सर्वांत खात्रीची वाट आहे. आपल्या देशात खुल्या समुद्रातील शर्यती आणि मोहिमांसाठी बोटी, प्रशिक्षक आणि पगारी वेळ हे सर्व एकत्र देऊ शकणाऱ्या संस्था म्हणजे मुख्यतः नौदल आणि सैन्य. शिडाच्या बोटीतून पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा 1985 ते 1987 या काळात सैन्याच्या अभियंता दलाने ‘तृष्णा’ या बोटीतून केली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था 1977 पासून मुलांना त्या परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच शासकीय संस्था नाशिकला 2023 मध्ये सुरू झाली असून तेथील प्रवेश दहावीनंतर होतो. म्हणजे आपल्या हातात अजून एक वर्ष आहे. नौदलासाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेणे भाग आहे, आणि भौतिकशास्त्र व गणित आमच्या कामातही उपयोगी पडतात. सदिश राशींची बेरीज ज्याला समजली त्याला शिडावरचा भासमान वारा, म्हणजे खरा वारा आणि बोटीचा वेग मिळून जाणवणारा वारा, समजायला वेळ लागत नाही.

मात्र नौदलात गेले म्हणजे ‘तारिणी’ मिळाली, असे नाही. ज्या दोघींची बातमी आपल्या मुलीने वाचली, त्या दिलना के. आणि रूपा ए. या नौदलात पुरवठा-व्यवस्था आणि शस्त्रास्त्र-तपासणी या शाखांत काम करणाऱ्या अधिकारी. 2 ऑक्टोबर 2024 रोजी त्या गोव्यातून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी परतल्या, पण त्याआधी त्यांनी स्वेच्छेने नाव देऊन कित्येक वर्षे आणि हजारो मैल शिडाखाली घालवले होते. त्यांना तयार केले अभिलाष टॉमी यांनी. टॉमींची स्वतःची सुरुवात कोठून झाली? 2009-10 मध्ये दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा त्यांच्या ‘म्हादेई’ बोटीला किनाऱ्यावरून मदत करणारा माणूस म्हणजे टॉमी. बंदराबंदरावर जाऊन दुरुस्त्या करणे, सामान भरणे, कागदपत्रे पाहणे, हे त्यांनी केले आणि पुढच्या मोहिमेत तीच बोट त्यांच्या हाती आली. 2017-18 मध्ये सहा महिलांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली, त्यांना दोंदे यांनी शिकवले होते. या साऱ्या मालिकेच्या मुळाशी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना होती आणि ते निवृत्तीनंतर राहत होते ते सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी गावी, समुद्रापासून दूर. विश्वास कसा कमावला जातो याविषयी मी सुरुवातीला जे म्हटले, ते या मालिकेइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. दुसऱ्याच्या बोटीवर दुय्यम काम इतके चोख करायचे की पुढची बोट कोणाला द्यायची या प्रश्नाला आपले नाव हेच उत्तर असावे.

सेनादलात जायचे नसेल, तर नागरी मार्ग आहे, परंतु तो लांबचा आणि खर्चिक आहे. आयएलसीए किंवा दोघांच्या ‘29er’ (ट्वेंटी-नाइनर) बोटीवर काही वर्षे काढावीत, महाविद्यालयीन काळात मुंबई, चेन्नई, गोवा येथील मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जागा मिळवावी, नंतर परदेशात एखाद्या बोटीवर काम धरावे, असा हा क्रम असतो. प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. जगभर मान्य असलेली ब्रिटिश ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ परीक्षा देण्यासाठी किमान 2,500 सागरी मैलांचा आणि बोटीवरच्या 50 दिवसांचा अनुभव लागतो, त्यांत किमान 5 दिवस स्किपर म्हणून. त्याशिवाय रेडिओ चालवण्याचा परवाना, प्रथमोपचार आणि सागरी बचावाचे प्रशिक्षण लागते. प्रमाणपत्र दार उघडते, परंतु बोटमालक शेवटी विचारतो ते मागच्या स्किपरला, ‘हा माणूस रात्री तीन वाजता कसा वागतो?’

पैशाचा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे. तसा संकोच नको. शर्यतीच्या बक्षिसांवर घर चालत नाही. 1968-69 च्या पहिल्या गोल्डन ग्लोबमध्ये मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ बोटीतून जिंकलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना 5,000 पौंड मिळाले होते आणि तेही त्यांनी शर्यतीत मृत्यू पावलेल्या स्पर्धकाच्या कुटुंबाला दिले. आजही बक्षीस आणि मोहिमेचा खर्च यांचा मेळ बसत नाही. पैसा येतो तो इतर वाटांनी. श्रीमंत बोटमालक आपल्या शर्यतीच्या बोटीसाठी पगारी कॅप्टन ठेवतात, कोणी बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवण्याचे काम रोजंदारीवर घेतो, कोणी प्रशिक्षक होतो, कोणी शिडे शिवणाऱ्या किंवा डोलकाठ्या-दोर बसवणाऱ्या कारखान्यात नोकरी करून शर्यतीच्या हंगामात सुटी घेतो. सर्वोच्च पातळीवर प्रायोजक लागतो, आणि त्यासाठी कंपनीच्या संचालकांपुढे उभे राहून आपली मोहीम पटवून देता यावी लागते, हिशेब चोख ठेवावा लागतो, हरल्यावरही कॅमेऱ्यासमोर बोलावे लागते. टॉमी 2021 मध्ये नौदलातून निवृत्त झाले आणि पुढच्या शर्यतीत संयुक्त अरब अमिरातीतील ‘बायानात’ या कंपनीचे नाव असलेल्या बोटीतून उतरले. स्किपरचे निम्मे काम किनाऱ्यावर होते, ते असे. आपल्या मुलीला इंग्रजी अस्खलित बोलता आलेच पाहिजे. एकट्याच्या शर्यतींची ओढ पुढेही टिकली तर फ्रेंच शिकावी, कारण त्या क्षेत्राचे केंद्र ब्रिटनी किनाऱ्यावरच्या लॉरियाँ आणि आसपासच्या बंदरांत आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. मर्चंट नेव्ही आणि शर्यतीचे नौकानयन हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. आपल्या भागात जहाजावरच्या नोकरीचे आमिष दाखवून काही लाख रुपये घेणारे एजंट फिरतात आणि शेती विकून पैसे देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. यॉटवर नोकरी लावून देतो असे म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या कोणालाही एक रुपयाही देऊ नका. या क्षेत्रात पहिली जागा पैसे देऊन मिळत नाही. ती क्लबच्या धक्क्यावर सलग सहा महिने वेळेवर येऊन, ओल्या शिडांच्या घड्या घालून मिळते.

घरी राहून करण्यासारखेही पुष्कळ आहे. आपल्या शेतातला पाण्याचा पंप बंद पडला की तो मुलीला उघडू द्या. डिझेल इंजिनाची हवा काढणे, बॅटरीचे टर्मिनल घासणे, वायर जोडणे ही कामे ज्या मुलीला येतात, तिची किंमत बोटीवर पहिल्याच आठवड्यात कळते, आणि शेतकरी घरातील मुले शहरी मुलांच्या पुढे असतात ती याच बाबतीत. तिने रोज सकाळी व संध्याकाळी वाऱ्याची दिशा, ढगांचा प्रकार आणि हवेचा दाब एका वहीत लिहावा व हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहावा. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि फिगर ऑफ एट या तीन गाठी डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव करावा. पोहणे चांगले आहेच, पण ते अंगावर कपडे आणि लाइफ जॅकेट घालून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करून पाहावे. येलदरीच्या भरलेल्या पाण्यात एकटीने कधीही उतरू नये, कितीही चांगली पोहत असली तरी. जलाशयात वाऱ्यामुळे उठणाऱ्या आखूड लाटा आणि खालचे थंड पाणी यांना पोहण्याचे कौशल्य नेहमीच पुरे पडते असे नाही.

मुलगी आहे म्हणून वेगळा काही सल्ला द्यावा का, असेही आपण विचारले आहे. बळ लागते, पण मोठे दोर ओढायला विंच ही फिरकीची यंत्रे असतात आणि लहान बोटीत आपल्या वजनाला झेपेल असे शीड निवडता येते. नॉयशेफर यांनी पुरुषांसह सर्वांना मागे टाकले, ती शर्यत महिलांसाठी वेगळी नव्हतीच. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर कोणीतरी घरचे माणूस हैदराबादला जावे, प्रशिक्षकाला भेटावे, सुरक्षा-बोट किती मुलांमागे एक असते, मुलींच्या राहण्याची सोय कोठे आहे आणि प्रशिक्षकांत महिला आहेत का, हे स्वतः पाहावे. चांगल्या क्लबला या प्रश्नांचा राग येत नाही.

या उन्हाळ्याच्या सुटीत तिला तेथे प्राथमिक वर्गासाठी पाठवा. बोट पहिल्यांदा उलटली की ती पाण्यात राहून स्वतः सरळ करायला शिकवतात, ते झाल्यावर तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटीत बसायचे आहे का, एवढेच विचारा. ती ‘हो’ म्हणाली, तर दहावीच्या अभ्यासाबरोबर वर्षातून दोन-तीन वेळा जाऊन सराव चालू ठेवता येईल आणि नाशिकच्या प्रवेशाचा अर्जही वेळेत भरता येईल. ‘नाही’ म्हणाली, तरी सुटी वाया गेली असे मानू नका. नौकेचे आराखडे काढणे, हवामानशास्त्र, शर्यतीचे पंच म्हणून काम, सागरी अभियांत्रिकी अशी कामे या क्षेत्राच्या कडेने आहेत आणि त्यांना पाण्यावर काही दिवस काढलेली माणसे हवीच असतात.